पोरगी हरवली तर सरकारची जबाबदारी नक्की कुठनं सुरू होते? कॅनडातलं ऐकून आणि आमच्या खानापूर भागातलं बघून विचारतेय

रानवाट_खानापूर:

नमस्कार सगळ्यांना. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जंगलाकडच्या एका गावात अंगणवाडी टीचर आहे, इथं बरेच दिवस वाचतेय पण लिहितेय पहिल्यांदाच, चुकलं तर सांभाळून घ्या. प्रश्न जरा लांबडा आहे.

माझ्या नणंदेची मुलगी कॅनडात विनिपेगला नर्स आहे. तिनं मे महिन्यात एक फोटो पाठवला, रस्त्याकडंच्या झाडांना लाल झगे टांगलेले, नुसते झगे, आत कोणी नाही, वाऱ्यानं फुगलेले. मला वाटलं तिकडचा कुठला तरी सण असेल. मग तिनं फोन करून सांगितलं की ५ मे ला तिकडं हा दिवस पाळतात, तिथल्या मूळच्या आदिवासी समाजातल्या ज्या बायका आणि पोरी मारल्या गेल्या नाहीतर गायब झाल्या त्यांच्या आठवणीत. आणि म्हणाली, मामी, सरकारनंच नेमलेल्या आयोगानं लिहून ठेवलंय की यात सरकारची जबाबदारी आहे. तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातनं जात नाही.

कारण सांगते. आमच्या गावापासून थोडं आत सिद्दी या आदिवासी लोकांची दहा-बारा घरं आहेत. त्यातली एक पोरगी, सोळा वर्षांची, माझ्याच अंगणवाडीत पाटीवर अक्षरं गिरवून गेलेली. गावात कामाला बायका न्यायला एकजण यायचा, त्याच्याबरोबर गोव्याला घरकामाला म्हणून गेली आणि आठवड्यानं तिचा फोन लागायचा बंद झाला. तिची आई माझ्याकडं आली, मी तिला घेऊन पोलीस स्टेशनला गेले, कुठलं ते लिहित नाही. सकाळी दहाला बाकावर बसलो ते चार वाजले. आईच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशन कार्ड आणि पोरीचा फोटो. फोटो म्हणजे शाळेच्या ग्रुप फोटोतनं कात्रीनं कापून काढलेला, शेजारच्या पोरीचा अर्धा खांदा तसाच राहिलेला, घरात तिचा दुसरा फोटोच नव्हता. चार वाजता आम्हाला काय सांगितलं, तर वयात आलेली पोरगी आहे, गेली असेल कुणाबरोबर तरी, चार दिवसांनी येईल, आणि गोव्यात गेली असेल तर गोव्यात कंप्लेंट द्या. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा अर्ज घेतला. बाहेर बसणाऱ्या एकानं कन्नडमध्ये लिहून दिला, आईनं अंगठा केला, तिला काय लिहिलंय ते कुणी वाचून दाखवलं नाही, तिला कन्नड कामापुरतंच येतं आणि मला वाचता येतं पण तो कागद माझ्या हातात आलाच नाही. कॉपी मागितली तर उद्या या.

पोरगी सव्वीसाव्या दिवशी घरी आली. पोलिसांनी नाही आणली. त्यांच्याच वाडीतली एक बाई तिकडं काम करते तिनं बघितली आणि बसमध्ये घालून आणली. तिच्यावर काय गुजरलं ते मी इथं लिहिणार नाही. घरात असते, बोलत नाही फारसं.

आता माझा प्रश्न. नेणारा माणूस वेगळा, त्रास देणारा वेगळा, मग सरकार जबाबदार म्हणजे नक्की कशाला जबाबदार? का हे नुसतं बोलायचं वाक्य आहे? आणि असेल जबाबदार तर माझ्यासारखीनं कुठल्या दारात जाऊन उभं राहायचं?

शहापूर_ते_विनिपेग:

ताई, मी मूळचा बेळगावचा, शहापूरचा, अकरा वर्षं विनिपेगमध्ये आहे. तुमच्या भाचीनं पाठवलेला फोटो कुठला असेल ते मला अंदाजानं कळलं, त्या रस्त्यानंच मी कामाला जातो. तुमचा प्रश्न हाच आहे की मारलं दुसऱ्यानं तर सरकार कसं जबाबदार, तर इथल्या लोकांनी याच प्रश्नावर चाळीस-पन्नास वर्षं डोकं आपटलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आकडे. इथल्या केंद्रीय पोलिसांनी, आरसीएमपी म्हणतात त्यांना, २०१४ साली स्वतःच मोजून सांगितलं की १९८० ते २०१२ या काळात आदिवासी समाजातल्या १,१८१ बायका-पोरी एकतर खून झालेल्या नाहीतर गायब, त्यात १,०१७ खून. देशातल्या बायकांमध्ये त्यांचं प्रमाण ४.३ टक्के आणि खून झालेल्या बायकांमध्ये १६ टक्के. घरचे लोक तर म्हणतात खरा आकडा याहून मोठा, कारण बऱ्याच जणींची नोंदच झाली नाही. मग २०१६ ला राष्ट्रीय चौकशी आयोग बसला, मेरियन ब्युलर म्हणून आदिवासी समाजातल्याच माजी न्यायाधीश बाई अध्यक्ष, २,३८० च्या वर लोकांनी त्यात भाग घेतला आणि ३ जून २०१९ ला रिपोर्ट आला. त्यात २३१ मागण्या आहेत. त्यांना शिफारशी म्हणू नका, ही कायद्यानं करायलाच पाहिजेत अशी कामं आहेत असं आयोगानंच बजावलंय. आणि जे झालं त्याला त्यांनी वंशसंहार हा शब्द वापरला, त्यावर इथं खूप वाद झाला, अजून होतो.

पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या जाड रिपोर्टपेक्षा एका पोरीच्या गोष्टीत सापडलं. २०१४ चा ऑगस्ट, याच शहरातली, पंधरा वर्षांची, नाव लिहित नाही. ती हरवल्याची नोंद पोलिसांकडं होती. तशात पोलिसांनी एक गाडी अडवली, त्या गाडीत ती होती, आणि त्यांनी तिला जाऊ दिलं. त्याच दिवशी ती एका गल्लीत पडलेली सापडली, ॲम्ब्युलन्सनं हॉस्पिटलला नेली, तिथनं बालकल्याणवाल्यांच्या ताब्यात आली, त्यांनी एका हॉटेलात ठेवली आणि तिथनं ती निघून गेली. नऊ दिवसांनी नदीत सापडली. म्हणजे बघा, पोलीस, दवाखाना, बालकल्याण, तिन्ही सरकारी हातातनं एका दिवसात ती पोरगी गेली आणि एकानंही घट्ट धरलं नाही. ज्याच्यावर खटला झाला तो २०१८ ला सुटला. मारणारा कोण ते कोर्टात ठरलं नाही पण तिला कुणी सोडलं ते सगळ्यांना माहिती आहे. सरकारची जबाबदारी म्हणजे ही. तुमच्या सव्वीस दिवसांचंही तसंच आहे ताई, पहिल्या दिवशी चार वाजता त्यांना कळलं होतं. तिथनं पुढचे दिवस त्यांचे.

दुसरी गोष्ट बसची. ब्रिटिश कोलंबियात हायवे १६ आहे, प्रिन्स जॉर्ज ते प्रिन्स रुपर्ट, साधारण ७२० किलोमीटर, त्याला लोक अश्रूंचा हायवे म्हणतात, त्या रस्त्यावरनं कितीतरी पोरी गायब झाल्या. बस नाही म्हणून अनोळखी गाडीला हात दाखवून जायच्या. २००६ ला तिथल्या लोकांनी बैठक घेऊन सांगितलं की काय नको, एक बस द्या. पहिली सरकारी बस धावली २०१७ ला. अकरा वर्षं.

आणि सगळ्यात जवळची गोष्ट. इथं एका माणसानं चार आदिवासी बायकांना मारलं, त्यातल्या दोघी शहराबाहेरच्या कचरा डेपोत आहेत असं पोलिसांनाच वाटत होतं, पण २०२२ च्या डिसेंबरला ते म्हणाले शोधणं शक्य नाही. प्रांताच्या सरकारनं पण नाही म्हटलं, आणि २०२३ च्या निवडणुकीत तर आम्ही शोधणार नाही याचीच जाहिरात केली. त्या बायकांच्या पोरी थंडीत तंबू टाकून बसल्या होत्या, मी स्वतः दोनदा चहा घेऊन गेलोय. सरकार बदललं, शोध सुरू झाला आणि २०२५ च्या सुरुवातीला दोघींचे अवशेष मिळाले. जे शक्य नाही म्हणत होते ते शक्य होतं.

चिकोडी_शेतकरी:

मी जरा वेगळं मत मांडतो, राग मानू नका. टीचरबाईंच्या गावातल्या पोरीबरोबर झालं ते वाईटच झालं, माझ्या पण दोन मुली आहेत, वाचून रात्रभर झोप नाही. पण प्रत्येक गोष्टीत सरकार सरकार केलं की आपण मोकळे होतो असं मला वाटतं. तो एजंट गावात येत होता तेव्हा गावानं का नाही विचारलं त्याला, तू कोण, कुठं नेतोस, मालकाचा पत्ता दे म्हणून? सोळा वर्षांची पोर आईबापानं पाठवलीच कशी? आमच्याकडं ऊस तोडायला मराठवाड्यातनं टोळ्या येतात, त्यांच्या बायका-पोरी आमच्या बांधावर खोपटात राहतात, तिथं काय होतं न होतं ते आम्हाला दिसतं आणि आम्ही बघून न बघितल्यासारखं करतो, ही आमची चूक, सरकारची नाही. सरकार काय प्रत्येक खोपटापुढं पोलीस उभा करणार का? आणि केला तरी तो पोलीस आपल्यातलाच ना. समाज सुधारल्याशिवाय कायदा काय करणार असं माझं म्हणणं आहे, चुकत असेल तर समजावून सांगा.

कोर्ट_आवार_बेळगाव:

मी बेळगावात वकिली करते, अट्रॉसिटी (दलित-आदिवासींवरचे अत्याचार) आणि पोक्सोच्या (लहान मुलांवरचे लैंगिक अत्याचार) केसेस बघते. चिकोडीच्या दादांना आधी उत्तर देते मग टीचरना.

दादा, प्रत्येक खोपटापुढं पोलीस उभा करा असं कायदा म्हणतच नाही. कायदा म्हणतो की तुमच्या कानावर आलं त्या क्षणापासून तुम्ही काय केलं ते सांगा. शेजाऱ्यानं बघून न बघितल्यासारखं केलं तर ते पाप असेल, पण पगार घेऊन खुर्चीवर बसलेल्यानं तसं केलं तर तो गुन्हा आहे, हे मी अलंकारिक बोलत नाही, कलम आहे. अट्रॉसिटी कायदा १९८९ चा, त्याचं कलम ४ काढून बघा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर त्यात अधिकाऱ्याची कामं एकेक करून लिहिलीत, तोंडी सांगितलेलं लिहून घ्यायचं, सही-अंगठा घ्यायच्या आधी वाचून दाखवायचं, गुन्हा नोंदवायचा, कॉपी लगेच द्यायची, साठ दिवसांत तपास करून आरोपपत्र. मुद्दाम केलं नाही तर सहा महिने ते एक वर्ष शिक्षा. अट एक, आधी खात्याच्या चौकशीनं तशी शिफारस करायला पाहिजे, आणि अडतं ते इथंच, कारण चौकशी करणारे पण त्यांचेच लोक. माझ्या चौदा वर्षांच्या वकिलीत कलम ४ लागलेली एक पण केस मी स्वतः चालवलेली नाही, यावरनं काय ते समजा.

आता टीचर, तुमच्याकडचं. पोरगी अठराच्या खाली होती, म्हणजे हरवली म्हटल्यावर अपहरण धरून गुन्हा नोंदवायलाच पाहिजे होता, सुप्रीम कोर्टानं १० मे २०१३ ला बचपन बचाओ आंदोलनच्या केसमध्ये तसं सांगितलंय. चार दिवसांनी येईल हे बोलायचा त्यांना अधिकारच नव्हता. गोव्यात जा हेही खोटं. हद्द कुणाची का असेना, झिरो एफआयआर घेऊन मग पाठवायची, १ जुलै २०२४ पासून नवीन कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम १७३ मध्ये ते सरळ लिहिलंय. आपल्या भागात हे जास्त लागतं बघा, इथनं गोवा, कोल्हापूर दोन-तीन तासांवर, पोरगी एका दिवसात तीन राज्यांच्या हद्दीत जाऊन येते आणि कागद मात्र एक हद्द ओलांडत नाही.

भाषेचं पण. पोक्सोत स्पष्ट आहे, मुलीला समजंल अशा भाषेत लिहायचं, समजत नसेल तर भाषांतर करणारा माणूस द्यायचा, जबाब तिच्या घरी किंवा तिला बरं वाटंल तिथं, शक्यतो महिला सब-इन्स्पेक्टरनं घ्यायचा, युनिफॉर्ममध्ये नाही. मी कन्नडच्या विरोधात अजिबात नाही, कोर्टात मी कन्नडमध्येच बोलते. पण ज्या बाईनं कोकणी-मराठी मिसळून सांगितलं आणि कागदावर दुसऱ्याचंच वाक्य उतरलं, तो कागद दोन वर्षांनी उलटतपासणीत तिच्याच विरोधात जातो. तुम्ही तेव्हा असं म्हणालात, आता असं म्हणता, खरं कुठलं? आणि ती माझ्याकडं बघते.

अजून एक महत्त्वाचं, जात प्रमाणपत्र बघून घ्या. सिद्दींना उत्तर कन्नडात २००३ ला अनुसूचित जमातीत घेतलं पण आपल्या बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यातल्या सिद्दींचा समावेश झाला २०२० च्या दुरुस्तीनं. म्हणजे हल्याळला राहणारी बहीण आदिवासी आणि खानापूरला दिलेली तिचीच बहीण नाही, असं सतरा वर्षं चाललं. बऱ्याच घरात अजून सर्टिफिकेट काढलेलंच नाही आणि ते नसेल तर अट्रॉसिटी लावताना स्टेशनला आयतं कारण मिळतं. तहसीलदार ऑफिसला अर्ज लगेच टाका.

वंटमुरीचं पण आठवण करून देते, लोक विसरायला लागलेत. ११ डिसेंबर २०२३, आपल्या बेळगाव तालुक्यातलं होसवंटमुरी, आदिवासी समाजातली बाई, मुलगा एका मुलीबरोबर पळून गेला म्हणून मुलीकडच्यांनी आईला घरातनं ओढून काढली, अंगावरचे कपडे काढले, खांबाला बांधली. तेव्हा बेळगावातल्याच सुवर्ण विधानसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन चालू होतं, सगळं मंत्रिमंडळ बेळगावात. दुसऱ्या दिवशी हायकोर्टानं आपणहून केस घेतली म्हणून पुढचं सगळं हललं. इन्स्पेक्टर सस्पेंड, तपास सीआयडीकडं, बाईला जमीन आणि पाच लाखांची मदत, आणि हॉस्पिटलमध्ये जो तो पुढारी भेटायला यायला लागला तेव्हा कोर्टानं तेही थांबवलं, तिला शांत राहू द्या म्हणून. जे बघत उभे होते त्यांच्याकडनं सामूहिक दंड घ्यायची गोष्ट पण कोर्टात निघाली होती, दादा, तुम्ही म्हणता ती समाजाची जबाबदारी तीच. पण मला राहून राहून वाटतं, अधिवेशन बंगळूरला असतं आणि पेपरात बातमी आतल्या पानावर आली असती तर? खानापूरच्या जंगलात कुठलं अधिवेशन भरतं?

निपाणी_गुरुजी:

मी निवृत्त शिक्षक, वय ७१, टायपिंग हळू आहे.

वकीलबाईंनी वंटमुरी सांगितलं, मी त्याच्या मागचं एक सांगतो कारण तरुण मुलांना माहीत नसतं. आपल्या देशात बलात्काराचा कायदा बदलला तोच मुळी एका आदिवासी पोरीमुळं, आणि ती महाराष्ट्रातली. देसाईगंज, तेव्हाचा चांदा जिल्हा, आता गडचिरोलीत येतं. २६ मार्च १९७२ ची रात्र. तक्रारीसाठी पोलीस स्टेशनला बोलावलेली पोर, वय चौदा ते सोळा, घरचे लोक बाहेर उभे, आणि आत दोघा पोलिसांनी. सगळ्या कागदांत तिला मथुरा म्हणतात. सेशन कोर्टानं सोडलं, नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, सुप्रीम कोर्टानं १९७८ ला परत सोडलं, म्हणे अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही. मग १९७९ ला चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर. त्यावरनं देशभर बायका रस्त्यावर आल्या. मी तेव्हा डीएडला होतो, आमच्या बाई वर्गात ते पत्र वाचताना मधेच थांबल्या आणि खिडकीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. १९८३ ला कायदा बदलला, कोठडीत झालं असेल आणि बाई नाही म्हणाली असेल तर तिचं नाही हे कोर्टानं खरं धरून चालायचं असं आलं.

मला सांगायचंय ते एवढंच की त्या प्रकरणात सरकार बाहेर नव्हतंच, सरकारच आत होतं. आणि कायदा बदलला तरी त्या पोरीला काय मिळालं? देशातल्या सगळ्या बायकांना तिच्यामुळं मिळालं, तिला नाही. टीचरबाई, तुमच्या पोरीचं तसं होऊ देऊ नका. मोठ्या लढ्याच्या नादात तिची स्वतःची गोष्ट मागं पडते, हे मी बघितलंय.

बस_नं_खानापूर:

मी बस कंडक्टर हाय, ह्याच भागातल्या रूटवर बारा वर्षं काम करूलालो. विनिपेगच्या अण्णांनी बसचं लिवलं ते वाचून लिवायलोय नायतर मी कधी लिवत नाही.

२०२३ च्या जून ११ पासनं शक्ती योजना आली, बायकांना तिकीट नाही, लय चांगलं झालं, आमच्या गाडीत आता बायकाच जास्त, पयल्यांदा बेळगाव बघितलेल्या म्हाताऱ्या मी बघितल्यात. पण आतल्या गावास्नी गाडीच जात नाही तर फुकटचं तिकीट घिऊन काय करणार? पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की आम्ही अलीकडंच गाडी वळवताव. भीमगड अभयारण्याच्या आतली गावं तुम्हाला ठावं असतील, आमगाव, कोंगळा, गवाळी, पेशंटला डोलीत घालून खांद्यावरनं आणत्यात. शेवटची गाडी सहाला परत फिरती. कॉलेजच्या पोरी बेळगावासनं येतात, क्लास सुटायला उशीर झाला की गाडी चुकती, मग कोण सोडतो म्हणंल त्याच्या गाडीवर बसायचं. मी नावानिशी वळखतो त्या पोरींना. कधी कधी ड्रायव्हरला सांगून पाच मिनटं गाडी धरून ठेवताव, वर कंप्लेंट जाती की गाडी लेट का.

आमच्या डेपोला अर्ज दिला गावकऱ्यांनी सातच्या गाडीसाठी, मी बघितलाय तो अर्ज. वरून मंजुरी पायजे म्हणत्यात. रस्ता चांगला नाही म्हणून बस नाही, रस्ता का नाही तर फॉरेस्टची परवानगी नाही, फॉरेस्टवाले म्हणत्यात आम्हाला कुणी लिवून दिलंच नाही. ह्या तिघांच्या मधी पोरगी चालत जाती.

शहापूर_ते_विनिपेग:

कंडक्टर मामा, तुम्ही जे शेवटी लिहिलंत ना, तिघांच्या मधी, इथल्या आयोगापुढं घरच्यांनी हेच सांगितलं होतं. केंद्र म्हणतं पोलीस प्रांताचे, प्रांत म्हणतो आदिवासी राखीव जमीन केंद्राची.

आणि वकीलताईंनी सर्टिफिकेटचं लिहिलं त्यावर एक राहिलं होतं. इथं १८७६ चा इंडियन ॲक्ट आहे, त्यात आदिवासी कोण हे सरकार ठरवतं. त्यात असं होतं की आदिवासी बाईनं बाहेरच्या माणसाशी लग्न केलं की तिचा दर्जा गेला, तिच्या पोरांचा पण गेला, राखीव जमिनीवरचं घर गेलं. पुरुषानं केलं तर त्याचा जात नव्हता, उलट त्याच्या बायकोला मिळायचा. १९८५ पर्यंत हे चालू होतं. कागदावरनं काढली, गावातनं काढली, मग ती शहरात येऊन एकटी पडली आणि तिथं जे व्हायचं ते झालं. आयोगानं मुळाशी जाऊन हेच दाखवलं.

एक वाईट गोष्ट पण सांगतो नाहीतर तुम्हाला वाटेल इकडं सगळं छान चाललंय. २३१ मधली पूर्ण झालेली कामं इथल्या सीबीसी या वृत्तवाहिनीनं २०२३ ला मोजली तर निघाली दोन. चार वर्षांत दोन.

चिकोडी_शेतकरी:

सगळं वाचलं. वकीलबाई, कलमाचं मला माहीत नव्हतं. अडाणी माणसाला वाटतं पोलिसानं कंप्लेंट घेतली तर उपकार केला. माझं समाजाचं म्हणणं मी सोडत नाही, पण कळल्यावर काय केलं हा प्रश्न बरोबर आहे, तो मला पण लागू होतो. आमच्या बांधावर यंदा टोळी आली की मी ग्रामपंचायतीत पीडीओकडं (पंचायत विकास अधिकारी) त्यांच्या बायका-पोरींची नावं लिहून देणार आहे, म्हणजे कोण आलं कोण गेलं ते तरी कळंल.

कोर्ट_आवार_बेळगाव:

दादा, नावं देताना त्यांना विचारून द्या आणि मुकादमापुढं विचारू नका, बायकांना बाजूला घेऊन विचारा.

टीचर, कुठल्या दारात जायचं विचारलं होतं तर सांगते. पहिलं एसपी ऑफिस, अर्ज मराठी-कन्नड दोन्हीत, सोबत तुमच्या त्या तीन खेपांच्या तारखा. त्याची पोच म्हणजे हिंबरह घ्यायचंच, शिक्का आणि तारखेसकट, त्याशिवाय उठायचं नाही. दुसरं, डीसी म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता समिती असते, अट्रॉसिटीच्या नियमात आहे, तीन महिन्यातनं एकदा बसायला पाहिजे, तिच्यापुढं विषय ठेवा अशी एक कॉपी डीसी ऑफिसला. तिसरं जिल्हा कायदा सेवा प्राधिकार, कोर्टाच्या आवारातच आहे, आदिवासी बाई, लहान मूल, दोघांना वकील फुकट मिळतो आणि नुकसानभरपाईचा अर्ज पण तिथनंच. एकटी जाऊ नका. मी येते बरोबर, फी-बी काही नाही, मेसेज केलाय बघा.

एक मात्र आधीच सांगते, पोरीला विचारल्याशिवाय यातलं काही करायचं नाही. आईला नव्हे, पोरीला.

रानवाट_खानापूर:

सगळ्यांचं वाचायला दोन दिवस लागले, इथं रेंज नसते, टेकडावर जाऊन वाचावं लागतं.

काल गेले होते तिच्या घरी. गुरुजी, तुमचं ऐकून मी कायद्याचं काहीच बोलले नाही आधी. ती चुलीपुढं बसली होती, मी पण बसले. मग तिला विचारलं की अर्ज द्यायचा का, वकीलबाई येणार आहेत, नको म्हणालीस तर विषय संपला, कोणी काही म्हणणार नाही. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, त्यांनी काय लिहिलंय ते मला वाचून दाखवणार का? मी म्हटलं तेच पहिलं मागायचं. मग म्हणाली, येते.

आईनं माझ्याकडं बघितलं आणि परत भाकरी थापायला लागली.

सोमवारी सकाळच्या सातच्या गाडीनं निघतोय, ती, आई, मी आणि गोव्यातनं तिला घेऊन आलेली ती बाई पण येतेय, साक्ष द्यायला तयार आहे. वकीलताई कोर्टाच्या गेटवर भेटतो म्हणाल्यात. जात प्रमाणपत्राचा अर्ज मी आजच भरून ठेवलाय, वाडीतल्या अकरा घरांचा एकदमच. सातच्या संध्याकाळच्या गाडीसाठी पण अर्ज लिहायला घेतलाय, कंडक्टर मामा, तुमचं नाव कुठं येणार नाही, पण पहिला अर्ज कुठल्या तारखेला दिला होता तेवढं कळवा.

आणि तो फोटो अजून पोलीस स्टेशनलाच आहे, फाइलला टाचलेला. तो पण मागणार आहे. शेजारच्या पोरीची आई परवा भेटली, म्हणाली आमच्या पोरीचा पण खांदा गेलाय ग त्यात, मिळाला तर दोघींना चिकटवून ठेवू.